चालत्या घराच्या पट्ट्या

घर बांधून होत आलं की सुतार सगळ्यात शेवटी पट्ट्या मारतो. भिंत आणि छत, भिंत आणि फरशी, दाराची चौकट आणि शेजारचं प्लास्टर, अशा ज्या ज्या ठिकाणी दोन गोष्टींनी एकमेकींना टेकायचं ठरलं होतं आणि ऐनवेळी त्या टेकल्या नाहीत, तिथे तिथे बोटभर रुंदीची एक पट्टी येते आणि सगळं सांभाळून घेते. पट्टी बसली की घर पुरं झालं असं वाटतं. वास्तुशांतीला आलेली माणसं फरशीचं कौतुक करतात, ओट्यावरून हात फिरवतात, बाल्कनीतून काय दिसतं ते बघतात. ‘पट्टी काय सुरेख बसलीय हो तुमची!’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पट्टीला त्याची खंत नसावी. एका जागी उभ्या असलेल्या घरात ती वर्षानुवर्षं निमूट बसून राहते, तिच्यावर रंगाचे हात चढत जातात आणि एक दिवस ती भिंतीचाच भाग होऊन जाते.

हेच घर चाकांवर ठेवलं की मात्र पट्टीचा खरा स्वभाव कळतो.

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर नावाचं जे प्रकरण आहे, ते म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं घर. आत पलंग, बेसिन, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, आणि रात्री खाली पाडलं की ज्याचा दुसरा पलंग होतो असं जेवणाचं टेबल. आम्ही राहतो त्या मिशिगनमध्ये उन्हाळा पाहुण्यासारखा येतो, पण तेवढ्यात अर्धं राज्य आपापली घरं गाडीला अडकवून तळ्यांच्या दिशेने निघतं. हिवाळाभर पाणी गोठून आणि वितळून रस्त्यांना खड्डे पडलेले असतात, आणि जे रस्ते शाबूत आहेत त्यांच्या काँक्रीटच्या लाद्यांचे सांधे चाकाखाली एका तालात धडधडत राहतात. प्रत्येक सहल म्हणजे घराला झालेला एक छोटा भूकंप, हे ट्रेलरवाल्यांचं लाडकं वाक्य आहे. तर घर भूकंपातून बाहेर काढायचं, झाडाखाली लावायचं आणि चहाचं आधण ठेवायचं. आधण ठेवताना नजर वर जाते आणि छताच्या कडेची पट्टी एका टोकाने सुटून, काहीतरी सांगायचं असल्यासारखी पुढे आलेली दिसते.

माझ्या बाबतीत हा प्रसंग जरा जास्तच टोचतो. डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात मराठी इंजिनियर पुष्कळ; त्यातला मी एक, आणि माझं काम आवाज बंद करण्याचं आहे. डॅशबोर्ड, दारांची अस्तरं, खांबांवरची आवरणं असे गाडीच्या आतले भाग चालत्या गाडीत बोलू नयेत म्हणून एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यात कुरकुर वेगळी आणि खडखड वेगळी. कुरकुर घासण्याने होते: दोन पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. खडखड आपटण्याने होते. अख्खी गाडी चार खांबांवर उभी करून तिच्या चाकांना खराब रस्त्याची थरथर खालून दिली जाते आणि आम्ही कान लावून बसतो. कुठे फेल्टची टेप लाव, कुठे फोमचा तुकडा दे, कुठे क्लिपची जागा किंचित सरकव, असं करत आठवडा जातो. शुक्रवारी घरी येऊन ट्रेलर जोडला की पहिल्या वळणालाच मागून सगळं शास्त्र एकदम वाजायला लागतं. बायको म्हणते, “पगार मिळतो तिथलेच आवाज बंद करतोस तू.”

पट्टी का सुटते हे कळायला ट्रेलरची भिंत सोलून पाहावी लागते. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा. त्यामागे दीड-दीड इंची चौकोनी लाकडांचा सांगाडा. लाकडांच्या मधल्या पोकळीत थंडी अडवण्यापुरतं काहीतरी मऊ. आणि आतून जेमतेम तीन मिलिमीटरचा प्लाय, ज्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद चिकटवलेला. या प्लायचे दोन तक्ते जिथे शेजारी येतात तिथे फट राहते, कोपऱ्यात राहते, छताला राहते. तिच्यावर पट्टी. पट्टी स्वतः लाकडाची असते असंही नाही; लाकडाचे तंतू डिंकात कालवून, दाबून केलेली एमडीएफची कांब, आणि तिच्यावरही तोच चित्राचा कागद. तिला धरून ठेवणारा 18 गेजचा खिळा सव्वा मिलिमीटरही जाड नसतो, आणि त्याचं डोकं इतकं बारीक की ते आहे हे विश्वासावरच मानायचं.

यातले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट शहराच्या आसपास तयार होतात. त्या गावाने स्वतःला या धंद्याची जागतिक राजधानी म्हणवून घेतलं आहे आणि तिथे फिरत्या घरांचं मोठं संग्रहालयही आहे. कारखान्यांतलं काम बरंचसं नगावर चालतं: पहाटे सुरू करायचं, ठरलेले नग उरकायचे आणि दुपारीच घरी जायचं. आणि या कामगारांमध्ये आमिश पंथाची माणसं पुष्कळ. मोटार बाळगायची नाही, घोड्याच्या बग्गीतून जायचं, असं व्रत पाळणारी ही माणसं हातात हवेवर चालणारी खिळ्याची बंदूक घेऊन दिवसभर ठक्‌ ठक्‌ पट्ट्या मारतात. ज्यांनी मोटार नको म्हटली त्यांनी बांधलेलं घर, ज्यांना घरात बसवत नाही ते मोटारीमागून ओढत नेतात. नगावर काम करणारा माणूस पट्टीला किती खिळे मारील? पट्टी दाराबाहेर पडेपर्यंत टिकेल इतके नक्की.

खरं तर या घराण्याचा एक पूर्वज आमच्या डेट्रॉइटचाच. आर्थर शर्मन हा जिवाणूंचा अभ्यास करणारा माणूस. 1929 च्या सुमाराला कुटुंबाला घेऊन तो कॅनव्हासचा घडीचा ट्रेलर जोडून सहलीला गेला, आणि पावसात तो ट्रेलर उभा करता करता सगळे भिजून निघाले. घरी येऊन त्याने चाकांवर एक पक्की पेटी बांधून घेतली. ती मॅसोनाइटची होती, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेल्या तक्त्यांची. मुलांनी चेष्टेने तिला ‘कव्हर्ड वॅगन’ म्हणायला सुरुवात केली, 1930 च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांनी पाहिली, आणि जिवाणू मागे पडून ट्रेलरचा कारखाना उभा राहिला. दाबलेलं लाकूड या घराण्यात पहिल्या पिढीपासूनच आहे, तेव्हा एकट्या एल्कहार्टला बोल लावण्यात अर्थ नाही.

मागच्या उन्हाळ्यात बायकोचे मामा आले. मामी येणार होत्या, पण गुडघ्यांनी परवानगी दिली नाही. मामांनी दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत आयुष्य काढलं. नुसती चेसिस यायची, तिच्यावर सांगाडा उभा राहायचा, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे चढायचे, रिव्हेट बसायचे आणि बस होऊन बाहेर जायची. हॉर्न सोडून एसटीचं सगळं वाजतं हा विनोद त्यांच्यासमोर करायचा नाही, असा आमच्या घरात नियम आहे. ट्रेलरच्या पायरीशी त्यांनी चपला काढल्या, आत आले आणि काही न बोलता बोटाच्या पेराने पट्ट्या ठोकत मागच्या भिंतीपर्यंत गेले. काही पट्ट्या टक्‌ म्हणाल्या, काही टडड म्हणाल्या.

“जावईबापू, हे घर आहे की गाडी?”

“दोन्ही आहे, मामा.”

“दोन्ही नसतं. नंबरप्लेट लावलीय म्हणजे गाडी. पण बांधणाऱ्याने घर समजून बांधलंय. घराला खिळा चालतो, गाडीला चालत नाही. खिळ्याला एक डोकं असतं, रिव्हेटला दोन. जो दोन्हीकडून धरून असतो तोच हादऱ्यात टिकतो.”

त्यांना बरं वाटावं म्हणून संध्याकाळी तळावरच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला एक चंदेरी एअरस्ट्रीम दाखवायला नेलं. विमानाच्या अंगासारखं गोलसर, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं आणि ओळीने रिव्हेट मारलेलं ते घर बघून मामा थबकले. वॉली बायम नावाच्या गृहस्थाने ते 1930 च्या दशकात बाजारात आणलं, आणि आपलं घर टिकतं हे लोकांना पटावं म्हणून तो गाड्यांचे तांडे घेऊन खंडंच्या खंडं पालथी घालायचा, हे मी सांगितलं. 1959 मध्ये निघालेला तांडा केप टाऊनहून कैरोपर्यंत गेला. बायम 1962 मध्ये वारला, पण पुढच्याच वर्षी त्याच्या पठडीतले लोक ट्रेलर घेऊन सिंगापूरहून युरोपकडे निघाले आणि वाटेत भारतातूनही गेले.

“63 साली? आपल्या रस्त्यांवरून?” मामांनी पत्र्यावर हलकेच पंजा ठेवला. “मग रिव्हेट मारणारा माणूस जाणता होता.”

आतून मालकीणबाई बाहेर आल्या. पंजा का ठेवला ते कळल्यावर खूश झाल्या आणि म्हणाल्या, बाहेरचं काही विचारू नका, पण आतल्या कपाटांच्या पट्ट्या आमच्याही सुटतात. मामांना या वाक्याचा फार आनंद झाला. परत येताना ते म्हणाले, “बघा, बाहेरून कितीही रिव्हेट मारा. आत शिरलं की सगळे सुतारच.”

तळावर कुणाची पट्टी सुटली की सल्ल्याला तोटा नसतो. एक गट खिळेवाल्यांचा. छोटा खिळा निघाला ना, मग लांब मारा, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पण या दीड इंची भिंतीतूनच विजेच्या तारा जातात आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या नळ्याही, त्यामुळे लांब खिळ्याने पट्टी घट्ट होते आणि दिवा जातो, किंवा दिवा राहतो आणि गादी भिजते. दुसरा गट डिंकवाल्यांचा. लाकडाचा डिंक कागदाला धरतो, कागद भिंतीला धरून नसतो, आणि पुढच्या प्रवासात पट्टी कागदासकट हातात येते. जे बांधकामाचा जबरी डिंक वापरतात त्यांची पट्टी कधीच सुटत नाही. पुढे कधी ती काढायची वेळ आली तर ती भिंत बरोबर घेऊन येते. तिसरा गट दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवाल्यांचा. ही माणसं शांत आणि स्वच्छ असतात, कारण जागा स्पिरिटने पुसून कोरडी केल्याशिवाय आणि हवा उबदार असल्याशिवाय टेप धरत नाही. चौथे स्क्रूवाले. तीन मिलिमीटरच्या प्लायमध्ये स्क्रूला आटे धरत नाहीत, त्याला मागचं लाकूडच गाठावं लागतं. ते कुठे आहे हे शोधायला हे लोक भिंतीवरून लोहचुंबक फिरवत राहतात. कारखान्यातल्या पिना जिथे ओढतात तिथे लाकूड. भिंतीला कान आणि चुंबक लावून उभे असलेले गृहस्थ दिसले की ते चौथ्या गटातले समजावेत.

मामा यांतल्या कुणाशीच वाद घालत नव्हते. त्यांनी आधी खाली वाकून चाकं पाहिली आणि मग भाचीकडे पाहिलं.

“पोरी, गाडी डावीकडे बसलीय. पलंगाखाली काय आहे?”

पलंगाखाली दगड होते. मिशिगन तळ्याच्या काठी पेटॉस्की नावाचा दगड सापडतो. प्राचीन समुद्रातल्या प्रवाळांचा तो जीवाश्म. ओला केला की त्यावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षट्कोनांची नक्षी उमटते. 1965 मध्ये तो राज्याचा अधिकृत दगड झाला, आणि राज्याच्या जमिनीवरून एका माणसाने वर्षाला 25 पौंडांपेक्षा जास्त न्यायचे नाहीत असा नियम आहे. आमच्या घरात या नियमाचा अर्थ ‘माणशी 25 पौंड न्यायचेच’ असा लावला जातो. ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या 1954 च्या चित्रपटात ल्युसिल बॉलने साकारलेली नवी नवरी असेच वाटेवरचे दगड ट्रेलरमध्ये साठवत जाते आणि डोंगरातल्या चढावर त्याचा व्हायचा तो परिणाम होतो. तो चित्रपट मी बायकोला मुद्दाम दाखवला होता. तिला त्यातली ल्युसिल बॉल फार पटली.

दगड मध्यभागी, चाकांच्या आसपास आले. मग मामा छतावर चढले. मी म्हटलं, पट्टी आतली आहे. ते म्हणाले, “आतली पट्टी हलली, तर आधी बाहेरचं पाणी बघायचं.” यात मात्र त्यांचं आणि इथल्या जाणत्यांचं एकमत आहे. ट्रेलरच्या छताला खिडक्या, पंखे, नळ्या यांच्यासाठी भोकं असतात, आणि त्यांच्या कडा बुजवणारा लगदा उन्हाने तडकतो. ठरावीक महिन्यांनी तो तपासा असं माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, आणि माहितीपुस्तक कुठल्याशा खणात असतं. तडा केसाएवढा असला तरी पाण्याला पुरतो. पाणी सांगाड्यातून खाली उतरतं, एमडीएफमध्ये शिरतं, आणि एमडीएफ एकदा फुगला की वाळून पुन्हा पहिल्या मापावर येत नाही. बाहेर डाग दिसण्याआधी कधी कधी पट्टीच फुगते, वाकते आणि खिळा सोडते. अशा पट्टीला परत ठोकून बसवणं म्हणजे निरोप घेऊन आलेल्याचं तोंड दाबणं. आमचं छत कोरडं निघालं. मामा उतरले आणि म्हणाले, आता पट्टीकडे बघू.

त्यांनी पट्टी पूर्ण काढली. जुने खिळे पुढून उपटले तर कागद फाटतो, म्हणून पक्कड लावून मागच्या बाजूने ओढून घेतले. मग मला विचारलं, “तुमच्या कंपनीत काय लावता, कुरकुरीला?” माझ्याकडे फेल्टची टेप होती. ती पट्टीच्या मागे, भिंतीला टेकणाऱ्या बाजूला लावली. खिळे बारीकच घेतले, पण एक डावीकडे तिरका आणि पुढचा उजवीकडे तिरका असे मारले, म्हणजे हादऱ्याने सगळे एकाच दिशेला सरकायला नकोत. आणि सगळे फक्त छताच्या बाजूला मारले. भिंतीच्या बाजूला एकही नाही.

“खालून मोकळीच ठेवायची?”

“भिंत वेगळी हलते, छत वेगळं हलतं. पट्टीने दोघांना धरून ठेवायचं म्हटलं तर ती मधल्या मध्ये फाटणार. तिने एकाला धरावं आणि दुसऱ्यावरून सरकावं. फट झाकायचं तिचं काम आहे, जुळवायचं नाही.”

मिशिगनमधल्या न हलणाऱ्या घरांनाही हे ठाऊक आहे, असं मला नंतर आठवलं. इथे हिवाळ्यात पोटमाळ्यावरच्या कैच्यांचा खालचा भाग उबेत आणि वरचा गारठ्यात राहतो, दोन्हीकडची लाकडं वेगवेगळी फुगतात-आकसतात, आणि काही घरांत मधल्या भिंतींपाशी छत चक्क उचललं जातं. तेव्हा जाणता सुतार कोपऱ्यातली नक्षीची पट्टी छतालाच ठोकतो, भिंतीला नाही. छत वर गेलं की पट्टीही त्याच्याबरोबर वर जाते, वसंतात खाली येते, आणि घरातल्या माणसांना काही कळत नाही.

पट्टी बसली. टोकाशी राहिलेली भोकं लांबी भरून बुजवली. परतीच्या प्रवासात मी गाडी चालवत होतो, बायको पुढे बसली होती आणि मामा मागच्या सीटवर डोळे मिटून होते. बायको हळूच म्हणाली, “मामींचं असंच झालं ना रे?”

मामांचं गाव सातारा जिल्ह्यात. वडिलोपार्जित वाड्याच्या मध्यातून भिंत घातलेली. अलीकडे मामा, पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ. विहीर मात्र एकच, आणि पंप कुणी किती वाजेपर्यंत चालवायचा यावरून दोघा भावांत कित्येक वर्षं जे काही आहे ते बाहेरच्या कुणालाच ठाऊक नाही, कारण मध्ये मामी आहेत. इकडचा शब्द तिकडे नेताना त्यातलं विष काढायचं, तिकडचा इकडे आणताना त्यात थोडा गूळ घालायचा, दिवाळीचा फराळ दोन्ही घरांचा एकाच परातीत मांडायचा. मामी घरात आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नसे. मग एका दिवाळीला त्या सगळ्यांसमोर दोन वाक्यं मोठ्याने बोलल्या. वाड्यात एकदम शांतता झाली. पुढे वर्षभर नातेवाइकांत एकच चर्चा होती: वहिनी अशा नव्हत्या, वहिनींचं काहीतरी बिघडलंय, वहिनींना डॉक्टरला दाखवा. विहिरीचं काय, असं कुणीही विचारलं नाही.

प्रत्येक कुटुंबात असं एक माणूस असतंच, आणि ते आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते सुटतं तेव्हा. आपण सगळे लगेच हातोडी घेऊन धावतो. कुणी समजूत घालतो, कुणी शपथ घालतो, कुणी ‘तूच असं केलंस तर आम्ही कुणाकडे बघायचं’ असा सहा इंची खिळा काढतो. त्या माणसाला आपण दोन्ही बाजूंनी ठोकलेलं होतं आणि दोन्ही बाजू आपापल्या मर्जीने हलत होत्या, हे कुणाच्या हिशेबात नसतं. भावाभावांत फट असणं हे फार मोठं पाप नव्हे. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी आल्या की ती राहणारच. तिच्यावर कुणालातरी ताणून बसवायचं आणि मग तोच वाकला म्हणून त्याच्यावर चिडायचं, हे मात्र निगुतीने टाळण्यासारखं आहे. मी हे बायकोला म्हणणार होतो, पण मागच्या सीटवर डोळे मिटलेले असले तरी कान दापोडीचे होते.

मामा सातारला परतल्यावर त्यांचा फोन आला. इकडची चौकशी झाली, हवा झाली, आणि मग त्यांनी विचारलं, “पट्टी काय म्हणतेय?” दोन-तीन सहली झाल्या तरी अजून बसली आहे, असं मी सांगितलं.

“आता पंपाचं आम्ही भाऊ भाऊ समोरासमोर बसून ठरवणार आहोत,” ते म्हणाले. “हिला म्हटलं, तू यात पडू नकोस. तू आमच्या बाजूची आहेस एवढं पुरे. पट्टीचं सगळं समजावून सांगितलं, छताला ठोकायची आणि भिंतीवरून सरकू द्यायची ते.”

“मग मामी काय म्हणाल्या?”

“म्हणाली, एवढं कळायला अमेरिकेपर्यंत जावं लागलं होय?”